श्रवणयंत्र घेण्याआधी आणि घेताना

"ऐकू येतं, पण कळत नाही." वयाबरोबर कान उतरू लागले की पहिली तक्रार बहुधा हीच असते. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स, श, फ ही व्यंजनं त्याच पट्टीतली, आणि मुळातच क्षीण. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते शाबूत राहतात. म्हणून 'साठ'चं 'आठ' होतं आणि सूनबाई तोंडातल्या तोंडात बोलते असं वाटायला लागतं. टीव्ही मोठा करून भागत नाही, कारण त्याने स्वरही तितकेच चढतात. ऑनलाइन मिळणारी हजार-दोन हजारांची आवाज वाढवणारी यंत्रंही हेच करतात, वर दाराच्या दणक्याने कानठळ्या बसतात.

पहिली फेरी दुकानाकडे नको, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे करा. नुसता मळ साचलेला असू शकतो, पडद्याला छिद्र असू शकतं. एकाच कानाचं ऐकणं कमी झालं असेल, कान वाहत असेल किंवा चक्कर येत असेल, तर कारण शोधल्याशिवाय यंत्राचं नाव काढू नका. आणि एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी दिले जाणारे स्टेरॉइड जितके लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त.

मग ऑडिऑलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, ध्वनिरोधक खोलीत तपासणी. दुकानातल्या 'मोफत तपासणी'त अशी खोली बऱ्याचदा नसते, आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून करायची चाचणीही गाळली जाते. ती गाळली तर दोष आतल्या नसेचा की मधल्या कानाचा हे कळत नाही. तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बिनदिक्कत विचारा.

ऑडिओग्राम, म्हणजे या तपासणीचा आलेख, वाचणं अवघड नाही. उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी दाखवतात. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी, २५० ते ८००० हर्ट्झ; उभ्या रेषेवर आवाज किती मोठा ते, डेसिबलमध्ये. खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. ढोबळमानाने २५ डेसिबलपर्यंत ठीक, ४० पर्यंत सौम्य, ६० पर्यंत मध्यम, ८० पर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र. याखेरीज शब्द ओळखण्याची चाचणी मागून घ्या, आणि ती मराठी शब्दांवरच व्हायला हवी. आवाज पुरेसा मोठा करूनही निम्मेच शब्द ओळखता येत असतील, तर दोन लाखांचं यंत्रही उरलेले शब्द पूर्ण परत आणणार नाही. हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं. रिपोर्टची प्रत आपल्याकडे ठेवा.

प्रकार निवडताना आरशापेक्षा बोटांचा विचार करा. कानात पूर्ण लपणारं यंत्र दिसत नाही हे खरं, पण त्याची बॅटरी डाळीच्या दाण्याएवढी असते, आणि मळ त्यालाच आधी बुजवतो. सौम्य ते मध्यम दोषाला कानामागे बसणारं, बारीक तारेने कानात स्पीकर जाणारं यंत्र बहुतेकांना मानवतं. कानात जाणाऱ्या टोकाला छिद्रांचा मऊ डोम (रबरी टोपी) लावला की स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमत नाही. तीव्र दोषाला कानाच्या मापाचा मोल्ड, म्हणजे साच्यातून बनवलेलं बूच, लागतो. दोन्ही कान उतरले असतील तर यंत्रंही दोन घ्या; गर्दीत आवाज कुठून आला हे एका कानाने नीट कळत नाही.

हात थरथरत असतील तर चार्जिंगचं घ्या. वीज बेभरवशाची असेल तर बॅटरीचं बरं. पाकिटावरचा रंग लक्षात ठेवा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर बॅटरी तीनेक मिनिटं हवेवर राहू द्या, मग बसवा. स्टिकर परत चिकटवून ती वाचत नाही.

दुकानदार चॅनेलच्या (यंत्र आवाजाच्या पट्टीचे किती भाग वेगवेगळे हाताळतं, त्या) आकड्यांवर बोलत राहील. तुम्ही हे विचारा: सांगितलेली किंमत एका कानाची की दोन्हींची? मोल्ड आणि पुढची जुळणी, म्हणजे यंत्राचा आवाज तुमच्या कानाप्रमाणे बसवणं, त्यात धरली आहे का? वॉरंटी किती वर्षांची? हे यंत्र दुसऱ्या केंद्रात जुळवता येतं, की त्याच साखळीतल्या दुकानांत? या शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर उठा. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो दिसला तर हटका.

खरा पैसा वसूल होतो तो जुळणीत. यंत्र लावलेलं असताना कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोहोचतो हे मोजता येतं. ही सोय असलेलं केंद्र निवडा. नुसता ऑडिओग्राम संगणकात भरून 'झालं' म्हणणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं. शक्य असेल तर यंत्र घरी वापरून पाहा: कुकरची शिट्टी, भांडी घासणं, फोन, तिघांच्या एकदम गप्पा. स्टीलच्या ताटाचा आवाज टोचतो की स्वतःचा आवाज घुमतो, ते लिहून न्या. 'बरोबर वाटत नाही' एवढ्यावरून कुणाला काही दुरुस्त करता येत नाही. यंत्र सतत शीळ घालत असेल तर डोम सैल आहे, मोल्ड नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे. पहिल्या आठवड्यात शांत घरात दोन-तीन तास पुरे, मग वाढवत न्या. फक्त लग्नाकार्याला लावलं तर गोंगाटच जास्त वाटेल.

महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्या व्यक्तींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असल्यास, मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३००० रुपये मिळतात. त्यात चांगलं डिजिटल यंत्र येत नाही, हातभार लागतो इतकंच. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तपासणीसाठी भरवशाची आहे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, यंत्रं दमटपणाने बंद पडतात. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या झाकणबंद डबीत ठेवा आणि खड्यांचा रंग बदलला की ते बदला. खोबरेल लावायचं असेल तर यंत्र काढून, आणि हात पुसूनच परत घाला.