कूलरचं पाणी, बुडाची माती आणि शेजारचे काकाजी

सकाळी नळ आला की आमच्या गल्लीत गप्पांनाही पाणी येतं. एक जण पाइप धरून उभा, दुसरा कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून. "काऊन जी, मोगरा सुकून राह्यला तुमचा?" इथून सुरुवात. मग काल पारा किती चढला, कोणाच्या मांजरीनं कोणाची कुंडी उकरली, आणि शेवटी एक फुकटचा सल्ला. गप्पा मला आवडतात. सल्ले मात्र दर उन्हाळ्यात तेच, आणि त्यातले निम्मे अक्षरशः झाडाच्या मुळावर उठणारे.

सगळ्यात लाडका सल्ला कूलरच्या पाण्याचा. आठवड्यातून एकदा डासांच्या भीतीनं टाकी रिकामी करायची असते, तेव्हा कोणीतरी म्हणतंच, "वाया काऊन घालवता, झाडाला टाका." ऐकायला किती शहाणपणाचं! मीही एका मे महिन्यात अकरा कुंड्यांना महिनाभर तेच पाणी पाजलं. मोगऱ्याच्या पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या झाल्या. मला वाटलं, ऊन लागलं. म्हणून आणखी टाकलं, तेही कूलरचंच. कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी धरली होती, ती मी नखानं खरवडून काढायची आणि सिमेंटच्या कुंडीला नावं ठेवायची.

भाची कृषी महाविद्यालयात शिकत होती. ती सुट्टीत आली, काही बोलली नाही. स्टीलच्या दोन ताटल्या घेतल्या, एकीत कूलरचं पाणी, दुसरीत नळाचं, आणि गच्चीवर ठेवून दिल्या. नागपूरचं ऊन, दुपारपर्यंत दोन्ही कोरड्या. नळाच्या ताटलीवर पुसट डाग. कूलरच्या ताटलीत पांढरं कडं, बोट फिरवलं तर पिठासारखं हाताला लागलं. कूलर दिवसभर हवेत उडवतो ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच बसतात. वरून आपण रोज बादल्या ओततो, म्हणजे आणखी क्षार. घरी बोअर असेल तर विचारूच नका. आठवड्याच्या शेवटी टाकीत उरतं ते झाडाच्या दृष्टीनं खारवलेलं पाणी.

यावर मी करते ते असं. कुंडी न्हाणीत ठेवायची आणि नळाचं साधं पाणी बारीक धारेनं सोडायचं, बुडाच्या भोकातून भरपूर वाहून जाईपर्यंत. अर्ध्या तासानं पुन्हा एकदा. आठवड्यानं परत. खत बंद. जळालेली पानं हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नका, नवा फुटवा कसा येतो ते बघा. माझ्या अकरापैकी तीन गेल्याच. "अर्धं कूलरचं, अर्धं नळाचं चालेल का?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. दहा मिनिटं वाचवायची असतात त्यांना. मी ते पाणी अंगणात शिंपडते, फाटक धुते, विषय संपला.

एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी मात्र खुशाल घाला. ते हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार नावालाच. पण त्याच एसीचं बाहेरचं मशीन झाडाच्या तोंडाशी नको. शेजाऱ्यांचं मशीन दोन उन्हाळे माझ्या कढीपत्त्यावर गरम वाफा सोडत होतं आणि दोन उन्हाळे आमचं त्यावरून वाजत होतं. शेवटी मीच कुंडी हलवली. मशीनपेक्षा कुंडी हलकी.

दुसरी चूक बुडाशी माती चढवण्याची. ही माझी नाही, शेजारच्या काकाजींची, पण झाड माझं होतं.

मागच्या अंगणात संत्र्याचं कलम होतं, चार वर्षांचं, दोनदा फळं दिलेलं. एका पावसाळ्यात आम्ही लेकीकडे पुण्याला गेलो आणि किल्ली काकाजींकडे दिली. माणूस मायेचा. परत आले तर बुडाभोवती गुडघाभर माती आणि शेणखत चढवलेलं, वर आळंही खोडाला चिकटून. "मुळं उघडी दिसून राह्यली होती, काकू. झाकून टाकली." मी हातानं ढीग बाजूला केला. आत ओली, आंबूस काळी माती, आणि डोळा बांधलेल्या जागेच्या, म्हणजे कलमाच्या सांध्याच्या, वर सालीतून डिंक आलेला, नखाएवढे मधाच्या रंगाचे खडे. साल दाबली तर खालून तपकिरी.

संत्र्याची कलमं जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात, त्यातलं एक कारण हेच. डिंक्याची बुरशी ओल्या मातीत राहते. खालचा खुंट, त्यातही रंगपूरचा, तिला बऱ्यापैकी तोंड देतो, वरचं संत्रं देत नाही. सांधा मातीत गाडला की चिलखत काढून ठेवल्यासारखं होतं. त्यात आपली काळी माती, एकदा भिजली की पाणी सोडायला तयार नाही. सांधा जमिनीपासून किमान वीतभर वर दिसलाच पाहिजे, लावतानाही आणि दहा वर्षांनीही.

धारदार चाकूनं कुजलेली साल खरवडून काढली आणि बुरशी मारणारा बोर्डो मलम लावला. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना अर्धा लिटरमध्ये, वेगवेगळं भिजवून मग एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नको. झाल्यावर त्यात घासलेला खिळा मिनिटभर बुडवून बघते. तांबूस झाला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. ब्रशनं बुडापासून कमरेपर्यंत लावायचं, पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. काकाजी भिंतीपलीकडून बघत होते. "हळद लावून पाह्यली असती," म्हणाले. मी ब्रश चालूच ठेवला.

झाड वाचलं, एक फांदी गेली. आता दुहेरी आळं करते: खोडाभोवती लहान कडं, बाहेर मोठं, पाणी दोघांच्या मध्ये. आणि गावाला जाताना किल्ली देते तेव्हा सांगते, पाणी टाका, फावडं नको.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

नुसत्या काळ्या मातीची कुंडी भरू नका, उन्हाळ्यात तिची वीट होते. मी एक भाग माती, एक भाग कन्हान नदीची वाळू, एक भाग शेणखत घेते.

दुपारी पानं मान टाकतात, म्हणून लगेच बादली घेऊन धावू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर संध्याकाळपर्यंत थांबा. बहुतेक वेळा झाडच मान वर करतं.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, नर्सरीतून रोप आणू नका. तिथल्या हिरव्या नेटखाली ते टवटवीत दिसतं, तुमच्या गच्चीवर दोन दिवसांत चहापत्ती. दोन चांगले पाऊस पडू द्या. ज्यांना लावल्या महिन्यात फूल पाहिजे, त्यांनी गोकुळपेठेच्या बाजारातून हार आणावा.

नवतपात युरियाही नको, आणि कडुलिंबाचं तेल भर उन्हात फवारू नका.

मृगाची पहिली सर आली म्हणून नेट काढू नका. इथे पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवस पुन्हा भट्टी पेटू शकते.

मोबाइलवरचा आकडा बघून पाणी ठरवू नका. 30 मे 2024 ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. आमच्या गल्लीत त्या दिवशी लोकांनी तीनतीनदा पाइप लावले. नंतर हवामान खात्यानंच तो आकडा बरोबर नसल्याचं सांगितलं. इथला खरा विक्रम 47.9 चा, 23 मे 2013 चा. तोही काही कमी नाही, पण त्या उन्हाळ्यातही माझी जास्वंद रोज एकदाच्या पाण्यावर जगली.

आणि राहिले पहाटे पूजेसाठी फुलं तोडणारे. यावर उपाय सापडलेला नाही. भिंतीबाहेर येणारी फांदी मी त्यांच्यासाठी सोडली आहे. तरी ते आतलीच तोडतात.