बटन फुलाचं झाड वाढतं, पण फुलत नाही? या चुका टाळा

राजगिरा आणि कोंबडा या फुलझाडाच्या कुळातलं हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. नर्सरीत गोम्फ्रेना म्हणून मागितलं की लगेच मिळतं. कडक ऊन आणि थोडी तहान याला सहज सोसते. ठाणे, नवी मुंबईच्या गॅलऱ्यांत ते मरतं ते बहुतेक वेळा जास्त पाण्याने. आणि मेलं नाही, तर पानांनी गच्च होऊन बसतं. फुलं मोजून चार.

पावसाळ्यातलं पाणी ही सगळ्यात मोठी चूक. जून ते सप्टेंबर इथली हवाच ओली असते, कुंडी आठ-आठ दिवस वाळत नाही. त्यात कुंडीखाली ताटली असली की मुळं पाण्यातच उभी राहतात. लक्षण फसवं असतं. दुपारी झाड मान टाकतं, तहान लागली असं वाटून आपण आणखी पाणी घालतो. आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. माती ओली आहे, खालची पानं पिवळी पडलीत आणि खोड बुडाशी काळं, मऊ लागतंय, तर मुळं कुजली आहेत. असं झाड सहसा वाचत नाही. वरचे निरोगी शेंडे कापून ओलसर रेतीत लावून बघा, काही जगतात. पावसाळाभर ताटल्या काढून ठेवा, कुंडी विटेच्या दोन तुकड्यांवर चढवा.

मातीही तितकीच महत्त्वाची. नुसती लाल माती पावसात दगडासारखी बसते, नुसतं कोकोपीट स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग गांडूळखत घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. बांधकामाच्या ढिगातली रेती वापरणार असाल तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. खाडीची असली तर खारट असते. एका झाडाला दहा इंची कुंडी पुरते. लांबट कुंडीत दोन रोपांत वीतभर अंतर हवंच. दाटी झाली की हवा खेळत नाही आणि पानांवर पांढरी भुरी येते.

आता उन्हाचं. रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. उन्हाळ्यात उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं, त्यावर विसंबून कुंडी तिथे ठेवली जाते. दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, मग तिथे थेट ऊन पोचतच नाही. फांद्या लांबट, पेरं दूर-दूर आणि झाड ग्रिलबाहेर झुकलेलं दिसलं, की ऊन कमी पडतंय. दक्षिण किंवा पश्चिमेची गॅलरी उत्तम. तीही नसेल तर हे झाड लावूच नका, त्यापेक्षा सावलीतलं काही निवडा.

फुलं येत नाहीत म्हणून खत वाढवणं ही उलटी चाल आहे. युरियासारख्या नत्राच्या खताने पानं माजतात, कळ्या मागे पडतात. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरे.

बी पेरताना पाकिटातून कापसासारखे पुंजके निघतात. बी त्या कापसाच्या आत असतं. तसंच खोल पुरलं तर उगवत नाही. रात्रभर भिजवा, पसरून पेरा आणि वर जेमतेम बी झाकेल इतकीच माती भुरभुरवा. दहा ते चौदा दिवसांत कोंब येतात. त्यानंतर पाणी फवाऱ्याने आणि सकाळीच द्या. रात्रभर ओली राहिलेली कोवळी रोपं मातीलगत कोलमडतात. बी ते फूल साधारण अडीच ते तीन महिने. दिवाळीला फुलं हवी असतील तर जुलैच्या शेवटी, पाऊस लागणार नाही अशा जागी पेरा. गणपतीत बी आणलं तर फुलं दिवाळी उलटल्यावर येणार.

शेंडा न खुडल्याने एकच काटकुळी फांदी वर जाते. रोप वीतभर झालं की वरचा शेंडा पानांच्या तिसऱ्या-चौथ्या जोडीवर नखाने खुडा. पानं समोरासमोर जोडीने येतात, प्रत्येक पानाच्या बेचक्यातून नवी फांदी फुटते आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला बोंड, म्हणजे फुलाचा गोल गेंद, येतं. फूल तोडतानाही हेच लक्षात ठेवा: बोंडाला चिकटलेल्या दोन पानांपाशी न तोडता खालच्या जोडीपर्यंत कापा.

हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड, एरवी बेचक्यांत कापसासारखा पांढरा मिलीबग हा किडा दिसतो. लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. मिलीबग आधी ओल्या कापसाने पुसून काढा.

फुलं वाळवायची असतील तर उशीर करू नका. रंगीत दिसतात ती खरं तर पाकळ्या नसून कागदी छदं, म्हणजे फुलांभोवतीची रंगीत पानं असतात. खरी फुलं त्यांच्या मधून डोकावणारे बारीक ठिपके. बोंड गोल आणि घट्ट असतानाच कापा. लांबट होऊन बुडाशी फिकट पडलं की वाळल्यावर झडतं. पानं काढून आठ-दहा दांड्यांची सैल जुडी उलटी टांगा, उन्हात नको, अंधाऱ्या पण वाऱ्याच्या जागी. दोन-तीन आठवडे लागतात. हे काम पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरनंतरच करा; दमट हवेत जुडीच्या मधोमध बुरशी धरते.