मानवी जीवाश्म अभ्यासताना या चुका टाळा

वाकलेल्या माकडापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची ती चित्रातली रांग आधी डोक्यातून काढा. निम्मे घोटाळे तिच्यामुळेच होतात. चिंपांझी आपला पूर्वज नाही. त्याचा आणि आपला पूर्वज एकच होता, आणि आपल्या वाटा वेगळ्या होऊन ढोबळमानाने ६० ते ७० लाख वर्षं झाली. पुढेही माणसांची वाट एकच राहिली नाही. सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला आपल्याच जातीची माणसं होती, युरोपात निअँडरथल होते आणि दक्षिण आफ्रिकेत होमो नालेदी; या दोन्ही माणसांच्या वेगळ्या, आता नामशेष झालेल्या जाती.

या नालेदीने भल्याभल्यांचे अंदाज चुकवले. २०१३ मध्ये रायझिंग स्टार गुहेत त्याची हाडं सापडली. मेंदू आपल्या निम्म्याहूनही लहान, बोटं झाडावर चढणाऱ्यांसारखी बाकदार. साहजिकच काहींनी त्याला वीसेक लाख वर्षं मागे ढकललं. २०१७ मध्ये वय निघालं २,३६,००० ते ३,३५,००० वर्षं! तेव्हा नुसतं रूप पाहून वय सांगायला जाऊ नका.

‘कार्बन डेटिंग केलं असेल’ म्हणूनही मोकळं होऊ नका. अवशेषांतला किरणोत्सारी कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, म्हणून साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ल्युसी, म्हणजे माणसाच्या एका प्राचीन नातलग जातीतल्या मादीचा सांगाडा, जवळपास ३२ लाख वर्षांची. तिचं वय ठरलं ते आसपासच्या थरांतल्या ज्वालामुखीच्या राखेत साठलेल्या अर्गॉन वायूवरून. एखादं वय पटत नसेल तर आधी पाहा, मोजलं काय, हाड की थर? हाड दोन राखांच्या थरांमध्ये असेल तर ते वरच्या राखेहून जुनं आणि खालच्या राखेहून नवं, एवढंच खात्रीने म्हणता येतं. हाड थरातून घरंगळून खाली आलं असेल, तर ते मुळात कुठल्या थरातलं हे शोधणं आलंच.

एका सांगाड्यावरून अख्ख्या जातीचं चित्र रंगवणं, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेलला एका वयस्क निअँडरथलचा सांगाडा मिळाला. फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ मार्सेलँ बूल यांनी त्यावरून गुडघे वाकलेला, मान पुढे काढून चालणारा प्राणी उभा केला. १९५७ मध्ये स्ट्राउस आणि केव्ह या शरीररचनातज्ज्ञांनी तीच हाडं पुन्हा तपासली, तेव्हा दिसलं की या माणसाला चांगलाच संधिवात होता आणि निरोगी निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालत असणार. तोवर वाकलेला रानटी माणूस चित्रांत पक्का बसला होता. म्हणून कुठलाही नमुना पाहताना त्याचं वय, आजार आणि सांगाड्याचा किती भाग खरोखर मिळाला हे विचारा. ल्युसीचासुद्धा सुमारे ४० टक्केच सांगाडा हाती आहे.

आणि हाडावर भोक दिसलं की लगेच खुनाची गोष्ट रचू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेतल्या एका कवटीवरची दोन भोकं बिबट्याच्या खालच्या सुळ्यांशी जुळली.