'हायपोस्टॅसिस' वाचताना या चुका टाळा

सुरुवातीच्या ख्रिस्ती ग्रंथांत 'हायपोस्टॅसिस' हा ग्रीक शब्द दिसला की लोक समासात 'व्यक्ती' लिहून मोकळे होतात आणि तिथून पुढे सगळा घोळ सुरू होतो. शब्दाचा अर्थ काळाप्रमाणे बदलत गेलाय, आधी साल बघा ना.

३२५ मध्ये निकेयाच्या धर्मसभेत जी क्रीड, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, ठरली तिच्या शेवटी एक धिक्कार आहे, पुत्र हा पित्यापेक्षा वेगळ्या हायपोस्टॅसिसचा किंवा ऊसियाचा (हाही ग्रीक शब्द) आहे असं म्हणणाऱ्यांचा. म्हणजे तेव्हा दोन्ही शब्द जवळपास एकच, मूळ तत्त्व या अर्थाने. तिथे 'व्यक्ती' घालून बघा, पिता-पुत्र एकच व्यक्ती होऊन बसतात, म्हणजे चक्क पिता-पुत्र ही एकाचीच नुसती रूपं मानणाऱ्या सबेलियसचं मत, जे ख्रिस्ती मंडळीने कधीच टाकून दिलं होतं!

दुसरी चूक म्हणजे देवात 'एक' हायपोस्टॅसिस म्हणणारे आणि 'तीन' म्हणणारे एकमेकांचे शत्रूच होते असं धरून चालणं. ३६२ ला अलेक्झांड्रियात तिथल्या बिशप अथेनेशियसच्या सभेत दोन्ही बाजूंना सरळ विचारलं, बाबांनो तुम्हाला म्हणायचंय काय, तर दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं निघालं. मग बेसिल आणि दोन्ही ग्रेगरी (नाझियान्झसचा आणि निसाचा) या धर्मशास्त्र्यांनी वाटणी पक्की केली: ऊसिया म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांत समान असलेलं, हायपोस्टॅसिस म्हणजे ज्याचं त्याचं वेगळेपण. आपण 'त्रैक्य' म्हणतो त्यामागची मांडणी ही, पण ती ३२५ च्या मजकुरावर लादू नका.

लॅटिनवाल्यांचं दुखणं अजून वेगळं. हायपोस्टॅसिसचे तुकडे पाडून लॅटिन केलं की 'सबस्टान्शिया' होतं, आणि त्यांच्याकडे तो शब्द ऊसियासाठी वापरात, त्यामुळे 'तीन हायपोस्टॅसिस' त्यांना तीन देवांसारखं ऐकू यायचं. लॅटिन लेखक जेरोमने सिरियाच्या वाळवंटातून रोमचा बिशप दमासस याला याच वैतागात पत्र लिहिलंय, की हे लोक माझ्याकडून तीन वदवून घेतायत, तुम्ही सांगाल तसं म्हणतो.

आणि बायबलमधला प्रत्येक हायपोस्टॅसिस या वादात ओढू नका. इब्री लोकांस पत्र ११:१ मध्ये हाच शब्द आहे, तिथे मराठी बायबलात 'भरवसा' आहे आणि तो बरोबर बसतो.

४५१ च्या कॅल्सेडॉनच्या धर्मसभेत विषय ख्रिस्ताचा, तिथे हायपोस्टॅसिस एक आणि स्वभाव, म्हणजे 'फ्युसिस', दोन. त्याआधीचा अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल वाचणार असाल तर फ्युसिसचीही अशीच तपासणी करा, कारण तो 'एक फ्युसिस' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा कॅल्सेडॉनच्या हायपोस्टॅसिसच्या जवळचं काहीतरी म्हणत असतो.