खान्देशात गझानिया: ओळख आणि लागवड

हिवाळ्याअखेरीस नर्सरीत पिवळी, केशरी, तांबडी, पट्ट्यापट्ट्यांची फुलं दिसतात आणि नाव विचारलं की कोणी जरबेरा सांगतं, कोणी गॅलार्डिया. पान उलटून बघा. वरून हिरवं आणि खालून पांढऱ्या लवेचं पान असेल, बिनपानाच्या दांड्यावर एकच फूल असेल, पाकळ्यांच्या बुडाशी गडद ठिपक्यांचं कडं असेल, तर तो गझानिया. गॅलार्डियाच्या पाकळीचं टोक तीन दातांचं असतं. जरबेरा रात्री मिटत नाही. गझानिया संध्याकाळी, अन् ढग आले तर दिवसाही मिटतो, म्हणून रोप उन्हं वर आल्यावरच घ्यायला जा.

हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. आपलं ऊन त्याला मानवतं, पण तापीकाठची काळी माती मानवत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. लोक उन्हाला घाबरून रोप सावलीत नेतात आणि पाणी वाढवतात. रोप मरतं ते त्यानंच.

म्हणून आधी माती. दोन भाग पोयटा, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडीचं भोक मोकळं हवं. जमिनीत लावायचं तर वाफा वीतभर उंच करा.

दिवाळीच्या आसपास बी पेरा. बियाला अंधार लागतो, तेव्हा अर्धा सेंटीमीटर मातीखाली झाका. साधारण दोन आठवड्यांत उगवतं. चार पानं आली की २०-२५ सेंटीमीटरवर लावा. दिवसभर ऊन पडेल अशीच जागा निवडा, पेरणीपासून तीनेक महिन्यांत फुलं येतात. युरिया नको, नुसती पानं माजतात.

पाणी सकाळी, बुंध्याशी. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. सुकलेलं फूल दांड्यासकट बुडातून काढत राहा, नवीन कळ्या येत राहतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे गेला की गच्चीवरच्या कुंड्यांना दुपारपुरतं हिरवं शेडनेट बांधा, कारण तापलेल्या कुंडीत मुळं भाजतात.

पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखाली, पण उजेडात ठेवा. वाफ्यातली झाडं वाचवायची असतील तर मृगाआधीच बुडाचे फुटवे काढून वाळूत लावून घ्या. संकरित वाणाचं घरचं बी धरलं तर रंग बदलतात. आवडलेला रंग हवा असेल तर फुटवेच लावा.