हाताने काढल्यासारखा फॉन्ट वापरताय? आधी ‘वऱ्हाड’ टाइप करून बघा

बारशाची पत्रिका, गॅदरिंगचं पोस्टर, घरगुती लाडवांच्या डब्यावरचं लेबल. असल्या कामांना सरळसोट फॉन्ट लावला की मजकूर तहसील कचेरीतून आल्यासारखा वाटतो. मग आपण ‘कलम’, ‘मोदक’ किंवा मुंबईच्या स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा वन’ उचलतो. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. घोळ पुढे होतो.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवणं. रोमन अक्षरांत ते खपून जातं, देवनागरीत शिरोरेषा तुटते. भाचीच्या बारशाला ‘नामकरण’ जरा ऐसपैस बसावं म्हणून मीच हा उद्योग केला होता. स्क्रीनवर छोटं दिसत होतं, कळलं नाही. छापून आल्यावर पाच अक्षरं पाच दिशांना. आई म्हणाली, “दात पडल्यासारखं दिसतंय गं.” जागा भरायची असेल तर साइझ वाढवा, ट्रॅकिंग शून्यावरच राहू द्या.

दुसरी चूक, फॉन्टचं नुसतं नाव बघून भाळणं. निवडण्याआधी ‘वऱ्हाड, ॲडव्होकेट, ऑक्टोबर, बाळकृष्ण, शाल’ एवढं टाइप करा. ‘ऱ्ह’मधला पापणीसारखा र फॉन्टात नसेल तर तिथे पाय मोडलेला र दिसतो. ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला 2008 साली. तो ज्या फॉन्टात नाही तिथे चौकोन उमटतो, नाहीतर तेवढंच अक्षर दुसऱ्या फॉन्टातून उसनं येतं आणि गोतावळ्यात परका पाहुणा बसावा तसं दिसतं. ‘शाल’ कशासाठी? पाकळीचा ल आणि मराठी वळणाचा श येतो का ते बघायला. काही फॉन्टांत ही वळणं दडलेली असतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी केली की बाहेर येतात.

वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली, जोडाक्षरं फुटली, तर फॉन्टला शिव्या देण्याआधी सॉफ्टवेअर तपासा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावला की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटात जेमतेम चीर उरते. मथळ्याला झकास, पण त्यात पत्ता लिहिलात तर पाहुणे चुकतील. त्याला एकच वजन, म्हणजे एकच जाडी आहे, त्यामुळे वर ठळकचं बटण दाबलं तर नुसता गोळा होतो. ‘कलम’ची ठळक फाइल वेगळी मिळते, ती वापरा. वेळ, पत्ता, फोन नंबर ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टात टाका.

फ्लेक्सवाल्याकडे तुमचा फॉन्ट असेलच असं नाही. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून द्या, पण मूळ प्रत जपून ठेवा. एकदा कर्व्ह केलं की शनिवारचा रविवार टाइप करून होत नाही.