पेन्सिलच्या कांडीने पाण्यातलं शिसं मोजताय? या चुका टाळा

मेकॅनिकल पेन्सिलमधली ०.५ मिलिमीटरची ग्रॅफाइटची कांडी काही रुपयांत मिळते आणि विहिरीच्या पाण्यातलं शिसं शोधायला खरोखर पुरते. कांडीवर विजेने बिस्मथ या धातूचा पातळ थर आणि त्यासोबत पाण्यातलं शिसं जमा करायचं, मग व्होल्टेज बदलत ते पुन्हा विरघळवायचं. त्या वेळी करंटच्या आलेखात उंचवटा येतो, तो म्हणजे पीक, आणि त्याच्या उंचीवरून शिसं किती ते कळतं. पिण्याच्या पाण्यासाठी आपली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतक्या बारीक मापात आकडे हलले की लोक लगेच कांडी बदलतात. आधी मांडणी तपासा.

दर वेळी पीकची उंची वेगळी येत असेल, तर कांडी किती बुडाली ते पाहा. १० मिलिमीटर बुडालेल्या कांडीचं क्षेत्रफळ जेमतेम ०.१६ चौरस सेंटिमीटर. ती १ मिलिमीटर जास्त बुडाली की करंट साधारण १० टक्के वाढतो, आणि ती वाढ शिशाच्या खाती जमा होते! शिवाय द्रावण कांडीवरून वर चढतं ते वेगळंच. खालचा १० मिलिमीटर भाग उघडा ठेवून त्याच्या वर नेलपॉलिश लावा, पूर्ण वाळू द्या आणि उघडा भाग सगळा बुडवा. एवढ्या एका गोष्टीने निम्मी डोकेदुखी जाते.

आलेखाची रेघ थरथरत असेल तर क्लिपची पकड बघा. कांडीत माती आणि मेणासारखे पदार्थ असतात, त्यामुळे एचबीपेक्षा २बी बरी. पृष्ठभागाची शंका असेल तर त्याच पाकिटातली दुसरी कांडी पोटॅशियम फेरीसायनाइडमध्ये तपासा. व्होल्टेज पुढे नेताना आणि मागे आणताना एकेक पीक येतं; त्या दोन पीकमधलं अंतर आदर्श स्थितीत ५९ मिलिव्होल्ट असतं. १०० च्या आसपास असलं तरी काम चालतं, पण ३०० दिसलं तर पुढे जाऊ नका.

बिस्मथचा थर नीट बसत नसेल तर पीएच मोजा. अॅसिटेट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ४.५ च्या जवळ हवा. पीएच वाढला की बिस्मथचा साका होतो.

नमुना न घातलेल्या कोऱ्या द्रावणातही शिशाचं पीक येतंय? काचेच्या बाटल्या सोडा. प्लॅस्टिकच्या बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून शुद्ध पाण्याने खळबळून घ्या.

आणि बफरमध्ये माहीत असलेलं शिसं घालून काढलेला कॅलिब्रेशनचा आलेख (किती शिशाला किती उंच पीक, हे दाखवणारा) विहिरीच्या पाण्याला लावू नका, ही चूक मला सर्वांत घातक वाटते. पाण्यातलं तांबं थरात जागा अडवतं, कुजलेल्या पाल्यातले सेंद्रिय पदार्थ शिसं धरून ठेवतात, पीक खुजं येतं आणि दूषित पाणी पिण्यायोग्य ठरतं. त्याच नमुन्यात माहीत असलेलं शिसं तीनदा थोडं थोडं घाला, दर वेळी पीक मोजा आणि रेषा मागे वाढवून मूळ प्रमाण काढा.